कुरवांची डोकी काळी व्हायला लागली: माघ-फाल्गुनातलं कोकण, पक्षी आणि कॅमेरा

खाडीकाठ · १६ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आज सकाळी आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या थव्यात पहिलं काळं डोकं दिसलं. पूर्ण काळं नव्हे, कपाळावर आणि कानामागे शाई सांडल्यासारखे डाग. नोव्हेंबरात हे पाहुणे आले तेव्हा डोकं पांढरंशुभ्र आणि डोळ्यामागे एकच ठिपका होता. आता महिन्याभरात डोकं गडद होईल आणि मार्च सरता सरता बहुतेक जण परतीला लागतील. हा पहिला डाग दिसला की माझ्यापुरती थंडी संपली.

गेली अकरा वर्षं मी हाच किनारा, हीच खाडी आणि घरामागची पोफळीची वाडी यांचेच फोटो काढतोय. लोक कोकणात कॅमेरा घेऊन येतात ते पावसाळ्यात, नाहीतर मे महिन्यात आंब्याच्या निमित्तानं. माघ-फाल्गुनाच्या या पाच-सहा आठवड्यांकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. मला विचाराल तर पक्ष्यांसाठी वर्षातला हाच सगळ्यात मोलाचा काळ. पाहुणे अजून गेलेले नाहीत आणि घरचे गायला लागलेत.

परसातल्या जास्वंदीवर जांभळ्या शिंजिराचा एक नर येतो. डिसेंबरात तो जवळजवळ मादीसारखा दिसत होता, पोट पिवळट आणि हनुवटीपासून खाली एक काळपट पट्टा, कुणी काजळाचं बोट ओढावं तसा. जानेवारीच्या अखेरीला खांद्यावर चार चमकदार पिसं आली. आज त्यानं उन्हात मान वळवली तर अर्धा निळा-जांभळा, अर्धा मळकट. आणखी पंधरा दिवसांनी तो आख्खा झळाळेल आणि मग त्याचे फोटो सगळेच काढतील. मला हा अर्धा रंगलेला जास्त आवडतो, कारण तो वर्षातून थोडेच दिवस भेटतो.

दयाळ पहाटे अंधारातच माडाच्या सुकलेल्या झावळीवरून गायला लागलाय. डिसेंबरभर त्याची नुसती चिरचिर होती. कुर्टूक दिवसभर थांबत नाही. पांगाऱ्याला पानं नाहीत, नुसती लाल फुलं आहेत आणि त्यावर भोरड्यांचा, म्हणजे पळसमैनांचा दंगा चाललाय. गायबगळ्यांच्या डोक्यावर केशरी झाक यायला अजून वेळ आहे, ती मार्चअखेरीस.

तुमच्याकडे काय काय बदललंय ते लिहा, फोटो टाका. एकच विनंती आहे. घरट्याची जागा, गावाचं नाव, झाडाची खूण यातलं काही इथे देऊ नका. का ते बोलूच.

मोहोर · १७ फेब्रुवारी, सकाळी ११:३२

सुंदर धागा. मी गुहागरची. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलानं लांब झूमचा एक छोटा कॅमेरा दिलाय. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाते, पण माझ्या फोटोत सगळे पक्षी काळे येतात, नाहीतर पाठमोरे. आणि मी जवळ जाईपर्यंत थवा उठतो. माझं काय चुकतंय ते कुणी सांगेल का?

खाडीकाठ · १७ फेब्रुवारी, दुपारी १:०५

मोहोरताई, तुमची वेळ बदलायला हवी, बाकी काही नाही. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य पक्ष्यामागे जातो, म्हणून पक्षी काळा येतो. सकाळी तोच सूर्य तुमच्या पाठीमागून माडांवरून वर येतो आणि सगळा उजेड पक्ष्यावर पडतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यावरचे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, नाहीतर पिसं उलटी फिरतात. म्हणजे सकाळी त्यांचं तोंड गावाकडे, तुमच्याकडे. उडाले तरी वाऱ्याला सामोरे उडतात, तुमच्या दिशेनं उठतात आणि मग वळतात. सकाळ चढली की मतलई पडतो, थोडा वेळ वारा ठप्प होतो आणि मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. त्यानंतर दिवसभर तुमच्या वाट्याला पाठीच. माझे निम्म्याहून जास्त बरे फोटो सकाळी सात ते साडेआठमधले आहेत.

जवळ जाण्याचं म्हणाल तर जाऊच नका. लांबून तिरकं चालत या, मध्ये थांबा. पक्ष्यानं चरणं सोडून मान वर केली की तिथेच खाली बसायचं. गोणपाट अंथरा, गुडघ्यावर कॅमेरा टेका आणि वीस मिनिटं नुसत्या बसून राहा. चिखल्या, म्हणजे किनाऱ्यावर चरणारा तो छोटा पक्षी, चार पावलं धावतो, थांबतो, टोचतो, परत धावतो, आणि असं करत तोच तुमच्याकडे येतो. बसल्यानं आणखी एक होतं. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो निघतो आणि मागचा समुद्र नुसता निळा पडदा होऊन जातो.

दर्यासारंग · १७ फेब्रुवारी, रात्री १०:४८

वाऱ्याचं पटलं, पण भरती राहिली की! मी मालवणचा. आजोबांकडे ना घड्याळ होतं ना भरती-ओहोटीचं कोष्टक. आजो सांगी, "तिथीची पाऊणपट कर, भरती किती वाजता भरता ता समाजता." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि बारा तास पंचवीस मिनिटांनी पुढची भरती. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. वेंगुर्ल्याकडे आधी भरतं, अलिबागकडे उशिरा.

आता पक्ष्यांशी जोडून बघा. ओहोटीला चिखले, तुतारी, कोरल सगळे लांब पाण्याच्या कडेला पांगलेले असतात. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं. म्हणून सकाळी आठ-नऊला भरती भरेल अशी तिथी निवडायची, म्हणजे एकादशी-द्वादशी. सहा-साडेसहाला जाऊन भरतीच्या रेषेच्या थोडं वर बसायचं. पुढचं काम समुद्र करतो. येत्या सोमवारी, २४ तारखेला एकादशी आहे. मोहोरताई, तुम्ही त्या दिवशी जाऊन बघाच.

किहीमकर · १८ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

दर्यासारंग, आम्हाला तर हे गणित जास्तच लागतं. आमच्याकडे भरती-ओहोटीतला फरक मालवणापेक्षा खूप मोठा. अलिबागेत ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, मग पक्षी कुठे असतील त्याचा विचार करा. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला लेन्स कितीही लांबची असो, हाती ठिपकेच लागतात.

एक मनापासून सांगायचंय. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गाड्या पळवतात. परवा एका गाडीनं तासाभरात सुरयांचा आणि कुरवांचा थवा अकरा वेळा उठवला, मी मोजत बसलो होतो. लोकांना वाटतं पक्षी उडाला काय आणि बसला काय, बिघडलं कुठे? पण याच दिवसांत ते अंगावर चरबी चढवत असतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाला इथून लडाख-तिबेटच्या बाजूच्या तलावांपर्यंत जायचंय. प्रत्येक वेळी उठवला की साठवलेल्यातलं थोडं खर्ची पडतं. उडत्या थव्याच्या फोटोसाठी पोरांना थव्यात पळायला लावणारेही पाहिलेत. तसे फोटो इथे कुणी टाकू नयेत, आणि टाकलेच तर आपण त्यांची वाहवा करू नये असं मला फार वाटतं.

पोफळी · १८ फेब्रुवारी, रात्री ९:५५

+१. मी पक्ष्यांपेक्षा देखावे जास्त काढते, तर माझीही भर. पक्ष्यांना जी तिथी नको तीच देखाव्याला हवी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराची भरती म्हणजे साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि या दिवसांत सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. मधला सव्वा तास किनाऱ्यावर मैलभर ओली वाळू पसरलेली असते आणि तिच्यात आख्खं आभाळ उतरतं. वाळू सुकायच्या आत, लाट नुकती मागे सरली की क्लिक करायचं. दोन-तीन सेकंदच आरसा टिकतो.

आणखी एक, जे मला सहा वर्षं एकाच खडकावर बसल्यावर कळलं. सूर्य बुडण्याची जागा सरकते. डिसेंबरात तो डावीकडे, दक्षिणेला बुडत होता. आता रोज थोडा थोडा उजवीकडे येतोय आणि २०-२१ मार्चला बरोबर पश्चिमेला येईल. त्यामुळे डिसेंबरात जी होडी किंवा जो बुरूज सूर्यासमोर मिळाला, तो आता मिळणार नाही. फ्रेम नव्यानं शोधावी लागते.

हवा धुरकट आहे म्हणून हिरमुसू नका. शेतात भाजावळ सुरू झालीय, तिचा धूर संध्याकाळी खाली बसतो आणि डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत ही खोली दिसत नाही. बुडायच्या आधीचा सूर्य तर घासलेल्या तांब्याच्या ताटासारखा होतो. मोहोरलेल्या कलमांचे फोटो मात्र सकाळीच काढा. दुपारच्या उन्हात मोहोराचा तो गुलाबी-पिवळसर रंग पार मरतो.

रानवाटा · १९ फेब्रुवारी, दुपारी ४:१२

फोटोतला कुरव काळ्या डोक्याचा की तपकिरी डोक्याचा? दोघांचीही डोकी आता अर्धवट, मला फरकच कळत नाही. (फोटो जोडलाय, हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव.)

खाडीकाठ · १९ फेब्रुवारी, सायंकाळी ७:४०

या दिवसांत डोक्यावरून ओळखायला जाऊच नका, डोळा आणि पंख बघा. तुमच्या पक्ष्याचा डोळा फिकट आहे आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरी खिडकी दिसतेय, म्हणजे तपकिरी डोक्याचा. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, अंगानं किंचित लहान, आणि उडताना पंखाची पुढची कड पांढऱ्या पट्ट्यासारखी चमकते. हर्णैच्या लिलावाला दोघंही शेजारी शेजारी मिळतात. फक्त तिथे कोळणींच्या टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नका आणि आधी विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. त्यांचा धंद्याचा वेळ असतो.

सड्यावरचा · २० फेब्रुवारी, रात्री ११:०३

सगळे किनाऱ्यावर आहात, मी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर राहतो, राजापूर तालुक्यात. गवत वाळून सोनेरी झालं होतं. मलबारी चंडोलाचा नर तुरा उभारून दगडावर बसायचा, मग गात गात सरळ वर चढायचा आणि दगडासारखा खाली यायचा. चार दिवस ओळीनं गेलो. पाचव्या दिवशी त्याच्या उड्डाणाचा फोटो मिळेल असं वाटत होतं.

त्याच्या आदल्या रात्री वणवा लागला. कुणी लावला ठाऊक नाही. दरवर्षी लागतो. सकाळी गेलो तर सडा काळा. राखेवर कोतवाल, वेडे राघू, गायबगळे जमले होते, होरपळलेले टोळ वेचत होते. खरं सांगायचं तर फोटोला इतकी सोपी जागा नाही. काळ्या जमिनीवर पांढरा बगळा, मध्ये काही आड येत नाही. मी कॅमेरा पिशवीतून काढला आणि परत ठेवला. एक टिटवी त्याच त्या कातळाभोवती ओरडत फिरत होती. तिथे तिची अंडी होती की नव्हती, मी बघायला गेलो नाही.

चंडोल परवा परत दिसला, सड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पायवाटेमुळे आग थांबली होती. आता गावातल्या चार पोरांना घेऊन पुढच्या वर्षी डिसेंबरातच जाळरेषा काढायची ठरवलीय. इथे कुणी असं केलं असेल तर सांगा, किती रुंद काढावी लागते?

पोफळी · २० फेब्रुवारी, रात्री ११:४०

वाचून गलबललं. काढलेला फोटो नसला तरी हे इथे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वाडीत कलमांभोवती दहा-बारा फूट गवत कापून, ते बाजूला नेऊन ठेवतात. कापून तिथेच टाकलं तर काही उपयोग नाही.

सुरंगी · २१ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या आतल्या बाजूला, सुरंगी फुलायला लागलीय. पहाटे बायका कळ्या काढायला झाडावर चढतात, तेव्हा आख्ख्या वाडीला वास सुटतो. वासाचा फोटो निघत नाही, म्हणून वळेसराचा, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याचा काढलाय.

खाडीकाठ यांनी घरट्याबद्दल लिहिलंय म्हणून माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी मी देवरहाटीतल्या, म्हणजे देवराईतल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीचा फोटो फेसबुकवर टाकला. आत कवड्या धनेशाची मादी होती. या पक्ष्याची मादी ढोलीत शिरून विष्ठा आणि मातीनं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि पुढचे आठवडे नर आणून देईल त्यावरच जगते, ती आणि पिल्लं दोन्ही. मी गावाचं नाव लिहिलं होतं. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पुढच्या रविवारी सात गाड्या आल्या. लोक झाडाखाली तिपाया लावून बसले, कुणी मोबाइलवर धनेशाचा आवाज वाजवत होतं. नर समोरच्या वडावर येऊन बसला. गळ्यातून फळ चोचीत आणायचा, घरट्याकडे बघायचा, परत गिळायचा. मी मोजलं, पावणेदोन तास. एकदाही ढोलीशी गेला नाही. मी लोकांना हात जोडले, काही उठले, काही नाही. शेवटी देवस्थानच्या मानकऱ्यांनी येऊन सगळ्यांना बाहेर काढलं.

त्या वर्षी पिल्लू बाहेर आलं, मे महिन्याच्या शेवटी. त्याचं श्रेय त्या मानकऱ्यांचं. मी तो फोटो काढून टाकला, पण तोवर तो किती जणांकडे गेला होता कुणास ठाऊक. तेव्हापासून मी त्या रहाटीत कॅमेरा नेत नाही.

लेन्सवाला · २१ फेब्रुवारी, दुपारी २:१५

तुमची भावना समजते. पण मी थोडं वेगळं मत मांडतो. घरट्यांचे फोटो लोकांनी पाहिलेच नाहीत तर ढोलीची झाडं वाचवावीशी तरी कशी वाटतील? चांगल्या लांब लेन्सनं दुरून काढलेल्या फोटोनं काय नुकसान होतं? सरसकट बंदी मला पटत नाही.

खाडीकाठ · २१ फेब्रुवारी, रात्री ८:३०

लेन्सवाले, प्रश्न रास्त आहे. एकटा माणूस दोनशे फुटांवरून दहा मिनिटं बसला तर बहुधा काही होत नाही. पण फोटो एकटा राहत नाही, तो पुढच्या माणसांना बोलावतो, आणि ती माणसं कशी बसतील ते आपल्या हातात नसतं. सुरंगीताईंच्या फोटोतही लेन्स लांबचीच होती. समुद्रगरुडाचं तेच. आमच्या बाजूला एका घरट्यावर गेल्या वर्षी कुणी ड्रोन नेला. मादी उठली ती दीड तास परतली नाही आणि तेवढ्या वेळात कावळे येऊन गेले. पुढचं मला लिहवत नाही.

झाडांचं महत्त्व दाखवायचं तर दुसरी वाट आहे. पिकलेला वड किंवा उंबर शोधा. फळं असेपर्यंत धनेश तिथे रोज सकाळी येतात, सोबत हळद्या, कुर्टूक, बुलबुल, हरियाल. आडोशाला बसलात तर उजाडल्यापासून दोन तासांत इतकं मिळेल की घरट्याची आठवणही होणार नाही. धनेशानं फळ चोचीच्या टोकात धरून हवेत उडवून गिळताना जो क्षण येतो, त्याला शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. वडाच्या गर्द सावलीत आयएसओ वाढेल, वाढू द्या. फोटो दाणेदार आला तर चालतो, हललेला चालत नाही. पिल्लू बाहेर आल्यावरचा फोटोही मे-जूनमध्ये घ्या, त्यावर कुणाचाच आक्षेप नसेल.

लेन्सवाला · २१ फेब्रुवारी, रात्री ९:०२

वडाचं पटलं. माझ्या मामाच्या गावी एक आहे, याच रविवारी जातो.

किहीमकर · २२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

नव्यांसाठी: खाऱ्या हवेतून आल्यावर लेन्स कोरड्या कापडानं पुसू नका. मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअरनं उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानं हलकेच, शेवटी कोरड्यानं. तिपाईचे पाय गोड्या पाण्यानं धुवा. माझ्या पहिल्या तिपाईचे सांधे एका मोसमात गंजले.

मोहोर · २४ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

जाऊन आले! सविस्तर लिहिते.

सव्वासहाला निघाले, असगोलीच्या बाजूला, कारण बाजारपेठेमागे गर्दी असते. सुरूच्या झाडांतून मतलई वारा पाठीवर येत होता, चक्क गार. भरतीची रेषा शंख-शिंपल्यांवरून ओळखली आणि तिच्या वर गोणपाट टाकून बसले. पक्षी खूप लांब होते. सात वाजले तरी लांबच. मनात म्हटलं, आज काही खरं नाही.

मग पाणी चढायला लागलं. एकेक लाट येई आणि चिखले चार पावलं माझ्याकडे सरकत. पावणेआठला ते पंधरा पावलांवर होते, चाळीसेक असतील. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे! एक तर इतका जवळ आला की कॅमेऱ्यात मावेना. मी नुसती बघत राहिले. एका पायावर उभा होता, दुसरा पाय पिसांत. छातीवर विटेच्या रंगाची एक अर्धी पट्टी उमटली होती, उजवीकडे गडद, डावीकडे फिकी. वाऱ्यानं कपाळावरचं एक पीस हलत होतं. मग त्यानं डोळे मिटले. माझ्यासमोर एक रानपक्षी झोपला, यापेक्षा काय हवं?

फोटो जोडलाय. थोडा तिरका आहे. सव्वाआठला पाणी माझ्या पायांपाशी येऊन थांबलं, दर्यासारंगांच्या आजोबांनी सांगितलं होतं अगदी तसं.

दर्यासारंग · २४ फेब्रुवारी, दुपारी १२:५१

ताई, फोटो बघून डोळ्यांत पाणी आलं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. फोटो अजिबात सरळ करू नका, तसाच ठेवा.

सड्यावरचा · २४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

अप्रतिम. ती अर्धी पट्टी बघा मंडळी, खाडीकाठ पहिल्या पोस्टमध्ये म्हणत होते ते हेच.

खाडीकाठ · १६ मार्च, रात्री ९:२५

शिमग्यात पालखीमागे होतो, म्हणून इतके दिवस फिरकलो नाही. पुनव सरल्यावर आज सकाळी किनाऱ्यावर गेलो. फेब्रुवारीत जिथे तीनशेच्या आसपास कुरव होते तिथे आज सतरा. सगळ्यांची डोकी भरली होती, एकाचं सोडून. त्या एकाच्या कपाळावर अजून पांढरी चंद्रकोर आहे. परसातला शिंजीर पूर्ण झाला, आता मादीसमोर पंख थरथरवून नाचतो.

कुणाकडे अजून मोठे थवे आहेत का?

दर्यासारंग · १६ मार्च, रात्री १०:३३

आमच्याकडे आज सकाळी रापणीचं जाळं ओढताना शंभरेक होते. बहुतेक गेल्या वर्षीची पोरं, डोकी अजून पांढरी. २५ तारखेला परत एकादशी आहे. तेव्हा जातो आणि मोजून सांगतो.

मोहोर · १७ मार्च, सकाळी ५:४८

मीही त्याच दिवशी जाते. मोजते.